उजव्या स्टिअरिंगची मस्टँग घेण्यापूर्वी डॅशबोर्डखाली वाकून पाहा

मेलबर्नला नऊ वर्षे राहिलेल्या एका मराठी अभियंत्याने विचारले आहे, की १९६५ किंवा १९६६ सालची फोर्ड मस्टँग, आणि ती नाही जमली तर त्याच काळातील शेवरोले घ्यायची झाल्यास ऑस्ट्रेलियात आधीच उजव्या स्टिअरिंगची करून घेतलेली गाडी घ्यावी, की कॅलिफोर्नियातून डाव्या स्टिअरिंगची मागवावी. शिवाय अशी गाडी आठवड्यातून दोन-तीन दिवस कामावर नेता येईल का, असेही त्यांनी विचारले आहे. मी गेली बावीस वर्षे मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातील एका वर्कशॉपमध्ये याच गाड्या उघडतो आणि पुन्हा उभ्या करतो. त्यामुळे हे उत्तर हौशी माणसाचे कमी आणि हात काळे करणाऱ्याचे अधिक आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. मूळ कारखान्याच्या जुळणीतूनच उजव्या स्टिअरिंगची म्हणून बाहेर पडलेली गाडी मिळाली तर तिच्यासारखी दुसरी नाही. ती मिळाली नाही, तर कोणीही हात न लावलेली डाव्या स्टिअरिंगची गाडी घ्यावी आणि ती तशीच ठेवावी. स्टिअरिंगची बाजू नंतर बदललेली गाडी मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि तीही बदल करणाऱ्याची कागदपत्रे व छायाचित्रे सोबत असतील तरच. विकत घेणारे नेमका याच्या उलट क्रम लावतात, कारण बदल केलेली गाडी चालवायला सोपी वाटते, नोंदणी झालेली असते आणि रंग नुकताच मारलेला असतो. वरून कीर्तन आणि आतून तमाशा ही म्हण मला या गाड्यांमुळेच खरी समजली.

ऑस्ट्रेलियात अमेरिकन गाडी ही नवलाईची वस्तू कधीच नव्हती, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय पहिला पर्याय नीट कळणार नाही. फोर्डने १९२५ मध्ये जिलाँग येथे ऑस्ट्रेलियन कंपनी स्थापन केली, तीही अमेरिकेतून नव्हे तर फोर्ड कॅनडामार्फत. कॅनडा ब्रिटिश साम्राज्यात असल्यामुळे तिकडून आलेल्या मालावर जकात कमी बसत असे. जनरल मोटर्स पुढच्याच वर्षी आली आणि १९३१ मध्ये अॅडलेडच्या होल्डन या बॉडी बांधणाऱ्या कंपनीशी तिचे एकत्रीकरण झाले. त्यानंतर कित्येक दशके शेवरोले, पाँटियाक, फोर्ड, डॉज, रॅम्बलर अशा गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून येत आणि इथे उजव्या स्टिअरिंगच्या म्हणून जुळवल्या जात. जिलाँगला जुळलेल्या फोर्डच्या कस्टमलाइन व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) गाड्या आणि त्याच घराण्यातील मेनलाइन यूट आजही ग्रामीण व्हिक्टोरियातील गोठ्यांमधून निघतात. यूट हा प्रकारच मुळी जिलाँगचा आहे. फोर्डमधील ल्युइस बँट या आरेखकाने १९३४ मध्ये प्रवासी गाडीचा पुढचा भाग आणि मागे मालाचा हौद एकाच पत्र्यात जोडला, आणि फोर्डने अमेरिकेत तशाच प्रकारची रँचेरो आणली ती १९५७ मध्ये. मुंबईच्या वाचकांना हा प्रकार अगदीच परका वाटू नये. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणी सुरू केली होती आणि कुर्ल्याला प्रीमियरने स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जुळवल्या. त्याही उजव्या स्टिअरिंगच्याच होत्या.

या स्थानिक जुळणीच्या गाड्यांची एक गंमत आहे आणि ती ठाऊक नसेल तर भुर्दंड पडतो. इथे जुळलेल्या साठच्या दशकातील पाँटियाक कॅनडाच्या साच्यातील आहेत, म्हणजे अंगावर पाँटियाकचा पत्रा असला तरी खाली चॅसिस आणि इंजिन शेवरोलेचे आहे. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी पाँटियाकचे म्हणून अमेरिकेतून इंजिनाचे गॅस्केट, वॉटर पंप आणि डिस्ट्रिब्युटर मागवले होते. त्यातले काहीच बसले नाही. १९६५ नंतरच्या डॉज फीनिक्सचेही असेच आहे. नाव डॉज असले तरी भाग शोधताना प्लिमथ फ्युरीची यादी उघडावी लागते. आणखी एक अडचण म्हणजे इथे जुळलेल्या बहुतेक गाड्या चार दारांच्या होत्या. चित्रांमध्ये असते तशी दोन दारांची किंवा उघड्या टपाची शेवरोले हवी असेल, तर ती बहुधा नंतर कोणीतरी अमेरिकेतून आणलेली असते आणि मग तिच्या स्टिअरिंगचा इतिहास विचारावाच लागतो.

मस्टँगच्या बाबतीत मूळ उजव्या स्टिअरिंगचा पर्याय जवळजवळ नाहीच, असे धरून चाला. फोर्ड ऑस्ट्रेलियाने १९६५-६६ च्या सुमारास सिडनीच्या होमबुश कारखान्यात सुमारे २०० मस्टँग उजव्या स्टिअरिंगच्या करून विकल्या. त्या आता संग्राहकांच्या हाती आहेत आणि त्यांच्या किमती तुमच्या-माझ्या हिशेबाबाहेरच्या आहेत. मस्टँगची इथली ओढ शर्यतींतूनही आली. ऑस्ट्रेलियन टूरिंग कार अजिंक्यपद १९६५ मध्ये नॉर्म बीचीने आणि १९६६ पासून सलग चार वर्षे इयन गेगनने मस्टँगमध्येच जिंकले. ज्यांनी त्या शर्यती लहानपणी पाहिल्या, त्यांनीच निवृत्तीनंतर या गाड्या आणल्या. मागणी आणि किंमत यांचे मूळ तिथे आहे.

आता बाजू बदलण्याबद्दल. एके काळी बहुतेक राज्यांत डाव्या स्टिअरिंगची गाडी रस्त्यावर आणायची तर बाजू बदलणे भागच असे, त्यामुळे हे काम करणारी लहान वर्कशॉप गल्लोगल्ली होती. त्यातील काहींचे काम मी टोपी काढून पाहावे असे होते आणि काहींचे पाहून माझ्या अंगावर काटा आला. सहा वर्षांपूर्वी एक लाल मस्टँग केवळ वायपर नीट चालत नाहीत म्हणून माझ्याकडे आली. डॅशबोर्ड उतरवला तेव्हा दिसले की मूळ स्टिअरिंग बॉक्स डावीकडेच होता. उजवीकडच्या स्टिअरिंगचा दांडा फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्या मधल्या पत्र्यापाशी, एका दातेरी चाकाला जोडला होता, तिथून मोटरसायकलची वाटावी अशी साखळी आडवी जाऊन डावीकडच्या दुसऱ्या दातेरी चाकाला फिरवत होती आणि साखळीचा ताण एका नट-बोल्टने धरला होता. तो नट हाताने फिरत होता. समोरची चाके जागची न हलता स्टिअरिंग कडेवर चार बोटे फिरत असे, आणि मालक ते ‘जुन्या अमेरिकन गाड्या अशाच असतात’ म्हणून तीन वर्षे चालवत होते. जुन्या दांड्याचे भोक पातळ पत्र्याने झाकून वर लांबी (पुट्टी) भरली होती. बोटाने दाबली तेव्हा ती आत गेली. विकणाऱ्याने ही गाडी ‘व्यावसायिक बदल केलेली’ म्हणून विकली होती.

योग्य काम कसे असते, तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला फरक ओळखता येईल. मस्टँगचा सांगाडा फोर्ड फाल्कनवरून घेतलेला आहे आणि फाल्कन १९६० पासून मेलबर्नच्या ब्रॉडमेडोज कारखान्यात उजव्या स्टिअरिंगची म्हणूनच तयार होत असे. त्यामुळे जाणकार माणूस त्या काळातील ऑस्ट्रेलियन फाल्कनचा स्टिअरिंग बॉक्स आणि त्याची हालचाल चाकांकडे नेणारे पिटमन आर्म व आयडलर आर्म हे दांडे वापरतो, बॉक्स उजव्या चॅसिसवर पट्टी लावून मजबूत करून बसवतो, ब्रेकचे पेडल आणि पेडलचा दाब ब्रेकच्या तेलात उतरवणारे मास्टर सिलिंडर खऱ्या अर्थाने उजवीकडे आणतो आणि फायरवॉलचा पत्रा पूर्ण जाडीचा वेल्ड करतो. मस्टँगच्या व्ही-८ इंजिनाचा स्टार्टर उजवीकडेच असल्यामुळे तिथे एक्झॉस्ट, स्टार्टर आणि स्टिअरिंगचा दांडा यांची दाटी होते. दांडा एक्झॉस्टपासून किती अंतरावर आहे आणि मध्ये उष्णतेचे पत्र्याचे आवरण आहे का, हे टॉर्च लावून पाहावे. घाईच्या कामात ब्रेकचे मास्टर सिलिंडर डावीकडेच राहते आणि उजव्या पेडलपासून एक आडवा दांडा तिकडे नेलेला असतो. तो दांडा पिळवटतो, पेडल स्पंजासारखे लागते आणि मग लोक ब्रेकमधली हवा काढत बसतात.

तुम्ही पाहणी करायला जाल, तेव्हा सोबत टॉर्च, एक लहान लोहचुंबक आणि पाण्याचा तांब्या घेऊन जा. टॉर्च डॅशबोर्डखाली, चुंबक दाराच्या खालच्या पट्टीवर आणि मागच्या चाकांच्या कमानीवर. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे लांबी जाड आहे. पाणी मात्र काचेच्या खाली, बोनेटच्या मागे असलेल्या हवेच्या जाळीवर सावकाश ओतायचे. पहिल्या पिढीच्या मस्टँगचा हा भाग आतून गंजतो. वरून काहीच दिसत नाही, पण तांब्याभर पाणी ओतले की मिनिटभरात ते पायाखालच्या मॅटवर टपकू लागते. हा गंज काढायचा तर पुढची काच, फेंडर आणि डॅशबोर्ड सगळे उतरवून दोन पत्र्यांमधील टाके सोडवावे लागतात, आणि ते काम नव्या रंगापेक्षा महाग पडते. विकणाऱ्याची हरकत असेल तर त्याला हसतमुखाने नमस्कार करून निघून यावे.

गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला कारखान्याचा क्रमांकही वाचायला शिका, कारण तो खोटे बोलत नाही. १९६५ च्या मस्टँगवर पहिला अंक ५ असतो, मग कारखान्याचे अक्षर येते (डिअरबॉर्नसाठी एफ, सॅन होजेसाठी आर, मेटचनसाठी टी), त्यानंतर बॉडीचा आकडा (०७ म्हणजे साधी दोन दारांची, ०८ उघड्या टपाची, ०९ फास्टबॅक, म्हणजे मागे उतरत्या टपाची) आणि मग इंजिनाचे अक्षर. तिथे सी किंवा ए असेल तर गाडी २८९ घन इंचांचे व्ही-८ इंजिन घेऊन जन्मली. टी असेल तर ती सहा सिलिंडरची होती आणि व्ही-८ नंतर बसवले गेले. तसे बसवणे हा काही गुन्हा नाही. पण सहा सिलिंडरच्या गाडीची चाके चार बोल्टची आणि व्ही-८ ची पाच बोल्टची असतात, तिचे ब्रेक आणि मागचा अॅक्सल हलका असतो. इंजिन बदलताना ते सगळे बदलले का, हे चाकाची टोपी काढून दोन मिनिटांत कळते.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. २०११ च्या मध्यावर ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरहून वरचढ झाला होता आणि त्या दोन-तीन वर्षांत इथे अमेरिकन गाड्यांचा अक्षरशः पूर आला. त्यांतील कितीतरी गाड्या केवळ छायाचित्रे पाहून घेतलेल्या होत्या, आणि त्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून तुमच्यासमोर येत आहेत. म्हणून ‘कॅलिफोर्नियाची गाडी’ या शब्दांवर भाळू नका. गाडी कॅलिफोर्नियात विकली गेली म्हणजे ती आयुष्यभर तिथेच होती असे नाही. बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतून आलेल्या गाड्याही लाँग बीचच्या बंदरातूनच जहाजावर चढतात.

स्वतः आणवायचे असेल, तर क्रम चुकवू नका. आयातीची परवानगी केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याकडून आधी घ्यायची आणि मगच गाडी जहाजावर चढवायची. २५ वर्षांहून जुन्या गाड्यांना हा मार्ग खुला आहे, तेव्हा वयाचा प्रश्न तुम्हाला येणार नाही. खरा प्रश्न अॅस्बेस्टॉसचा आहे. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून त्यावर संपूर्ण बंदी आहे आणि सीमेवरचे अधिकारी जुन्या गाड्यांबाबत अतिशय काटेकोर असतात. ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट, एक्झॉस्टचे गॅस्केट आणि कधी कधी खालचा आवाज रोखणारा लेप यांत ते असू शकते. हे भाग अमेरिकेतच बदलून, बदलाची बिले आणि छायाचित्रे ठेवून गाडी पाठवली तर निम्मी डोकेदुखी कमी होते. नाहीतर गाडी गोदामात, भाडे चालू, आणि नमुने प्रयोगशाळेत, असे भिजत घोंगडे पडते.

दुसरी काळजी अगदी क्षुल्लक वाटेल, पण ती खर्चाची आहे. स्टिंक बग नावाचा एक तपकिरी किडा अमेरिकेतून येऊ नये म्हणून १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात तिकडून निघालेल्या गाड्यांवर उष्णतेची किंवा धुरीची प्रक्रिया सक्तीची असते. उष्णतेची असेल तर गाडीचा थंडातला थंड कोपरा ५६ अंश सेल्सियसवर ३० मिनिटे ठेवतात. साठ वर्षांच्या जुन्या रबरी पट्ट्यांना आणि डॅशबोर्डच्या आवरणाला हे मानवत नाही. शक्य असेल तर मे ते ऑगस्ट या काळात गाडी निघेल अशी आखणी करावी. गाडीखालची माती, बिया, वाळलेली पाने हेही सीमेवर चालत नाही. वाफेने धुवून घ्यायला सांगा. गाडीची किंमत, जहाजभाडे आणि विमा यांच्या बेरजेवर १०% वस्तू व सेवा कर लागतो, तो गणितात धरायला लोक विसरतात. बाकी शुल्कांचा हिशेब कस्टम्स एजंटकडून लेखी घ्यावा.

डाव्या स्टिअरिंगची गाडी तशीच नोंदवता येते का, अशी शंका तुमच्या मनात असेल. ३० वर्षांहून जुन्या गाडीची बाजू बदलण्याची सक्ती आता नाही, आणि तुमच्या विचारातली गाडी त्याच्या दुप्पट वयाची आहे. रहदारीत तिची सवय पंधरवड्यात होते. अडचण येते ती दोन पदरी ग्रामीण रस्त्यावर, जिथे पुढच्या ट्रकला मागे टाकायचे असते आणि तुम्ही बसलेले असता रस्त्याच्या कडेला. अशा वेळी उजवीकडे बसलेल्या माणसाच्या ‘ये, ये’ वर गाडी बाहेर काढू नये, मागे शांतपणे राहावे. पार्किंगचे तिकीट घेतानाही यंत्र नको त्या बाजूला येते. माझ्या ओळखीचे एक जण त्यासाठी स्वयंपाकघरातील लांब चिमटा गाडीत ठेवतात आणि त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नाही.

कामावर नेण्याबद्दल माझे मत तुम्हाला थोडे कडू लागेल. व्हिक्टोरियात २५ वर्षांहून जुन्या गाडीला क्लब परमिट मिळते. त्यासाठी मान्यताप्राप्त क्लबचे सभासद व्हावे लागते आणि वर्षाला ४५ किंवा ९० दिवसांची वही मिळते. गाडी बाहेर काढण्यापूर्वी त्या दिवसाची नोंद शाईने करायची. नोंद नसेल तर कायद्याच्या दृष्टीने गाडी नोंदणीविना आहे आणि दंड त्याच हिशेबाने होतो. आठवड्यातून दोन दिवस म्हटले तर ९० दिवस दहा-साडेदहा महिन्यांत संपतात, आणि तुम्हाला रविवारी बेंडिगोच्या नोव्हेंबरमधील स्वॅप मीटला (जुन्या भागांच्या बाजाराला) किंवा अॅडलेडच्या बे टू बर्डवुड या जुन्या गाड्यांच्या फेरीलाही जायचे असणारच. नियमित वापरायची असेल तर पूर्ण नोंदणी करावी.

त्याआधी गाडीत तीन बदल करावेत, असा माझा आग्रह राहील. १९६६ पर्यंतच्या मस्टँगच्या ब्रेकचे मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचे आहे, म्हणजे कुठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात; दोन कप्प्यांचे सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक बसवावेत. खांद्यावरून येणारे तीन बिंदूंचे सीटबेल्ट योग्य ठिकाणी पट्टी वेल्ड करून लावावेत आणि ते काम प्रमाणित इंजिनियरच्या सहीनेच व्हावे. मेलबर्नच्या जानेवारीत ४० अंशांत रहदारीत उभे राहायचे तर जाड रेडिएटर आणि पंख्याभोवतीचे आवरण लागते. मूळचा रेडिएटर तिथे दमतो.

पेट्रोलबद्दल एक गैरसमज ऐकू येतो, म्हणून सांगतो. अमेरिकन पुस्तिकेत ९३ ऑक्टेन लिहिलेले पाहून लोक इथे ९५ घालतात आणि इंजिन ठोकू लागले की कार्ब्युरेटरवर संशय घेतात. अमेरिकन पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात. तिकडचे ९३ म्हणजे इथले साधारण ९८. म्हणून ९८ घाला आणि ई-१० च्या पंपाकडे फिरकू नका, कारण त्यातील इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा मऊ करून टाकते. शिशाचे पेट्रोल २००२ पासून बंद झाले आहे. इंजिनाचे हेड कधी उघडले आणि व्हॉल्व्हच्या कठीण सीट बसवल्या का, हे विचारून घ्या. नसतील बसवल्या तरी तुमच्या वापरात लगेच काही बिघडत नाही, पुढच्या वेळी हेड उतरेल तेव्हा ते काम करून घ्यावे.

शेवरोले घ्यायचे ठरलेच, तर एक टेप घेऊन आधी आपल्या गॅरेजमध्ये जा. मस्टँग ४.६ मीटरची आहे, तिचा प्रश्न नाही. १९६४ ची इम्पाला ५.३ मीटरहून लांब आहे आणि इथल्या पार्किंगच्या चौकटी ५.४ मीटरच्या असतात, म्हणजे कार्यालयाच्या तळघरात ती चौकटीत जेमतेमच मावणार. पाहायला जाल तेव्हा गाडीचा कारखान्याचा क्रमांक घेऊन दोन डॉलर भरून पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत गाडीवर कर्ज आहे का ते तपासा, आणि फायरवॉलवर रिबीट मारलेली पत्र्याची पट्टी असेल तर तिचा जवळून फोटो काढून मला पाठवा. ती जुळणीची पट्टी मूळची आहे की नंतर ठोकलेली, हे रिबीटच्या टोकावरून बहुतेक वेळा सांगता येते.